डोक्यातला भुसा

समोरच्याची अक्कल काढायची झाली की आपण विचारतो, "डोक्यात भुसा भरलाय का?" हा प्रश्न आजवर नुसता अलंकार म्हणून विचारला गेला. माझं म्हणणं असं, की घरी लाकूडकाम करणाऱ्या आणि करवून घेणाऱ्या माणसांना तो आता शब्दशः विचारावा. कारण भुसा आत शिरायचा रस्ता नाकातून जातो, आणि ज्याच्या डोक्यात तो आधीच भरलेला असतो, तोच गृहस्थ नाकाचा दरवाजा सताड उघडा ठेवून करवत चालवतो.

हे वाचून काही मंडळी रागावतील. रागावोत बापडी! मी बँकेत कारकून आहे. पासबुक छापायचं मशीन बंद आहे हे वर्षानुवर्षं सांगून लोकांचा राग झेलायची मला सवय आहे. महिन्यातले दोन शनिवार आणि सगळे रविवार मात्र मी सुतार असतो. साताऱ्यातल्या आमच्या घरामागे दहा फूट बाय आठ फुटांची पडवी आहे. तिथं मी स्टुलं, पाट आणि चपलांचे स्टँड बनवतो. नातेवाइकांत कोणाचं लग्न निघालं की घरच्यांना आहेराची चिंता नसते. नातेवाइकांना असते, की आता आणखी एक स्टूल येणार.

ही पडवी बघायला माणसं येतात. त्यांना माझी करवत दिसत नाही, ओळीनं लावलेल्या पटाश्या दिसत नाहीत. दिसतो तो कोपऱ्यातला निळा ड्रम, त्याच्या झाकणावर बसवलेलं नरसाळं आणि हत्तीच्या सोंडेसारखी त्यातून निघालेली नळी. "हे काय?" असं ते विचारतात. "धूळ ओढायची सोय," मी सांगतो. त्यावर एकजात सगळे म्हणतात, "एवढ्यासाठी?"

या 'एवढ्यासाठी'शी माझं भांडण आहे. गेली काही वर्षं हे 'एवढ्यासाठी'वाले मी बारकाईनं न्याहाळले, तेव्हा त्यांच्यात चार पंथ आढळले. चौघांचाही समाचार घेतो.

पहिला पंथ निसर्गवाद्यांचा. "अहो, लाकूड आहे ते! नैसर्गिक! केमिकल थोडंच आहे?" यांना कोणीतरी सांगायला हवं की तंबाखूसुद्धा झाडालाच लागते आणि नाग काही कारखान्यात बनत नाही. सागाला वाळवी लवकर लागत नाही, हे आपण कौतुकानं सांगतो. ती का लागत नाही? तर झाडानं खोडाच्या गाभ्यात अशी काही द्रव्यं साठवलेली असतात की वाळवीनं तोंड वळवून दुसरं घर शोधावं. म्हणजे जे वाळवीसुद्धा खात नाही, त्याची पूड करून आपण श्वासातून घ्यायची, आणि वर म्हणायचं नैसर्गिक आहे! साग आणि शिसव यांच्या धुळीनं कित्येकांच्या अंगावर पुरळ उठतं. कातडीला जे चालत नाही ते फुप्फुसाला चालतं, हा शोध निसर्गवाद्यांनी कुठल्या आश्रमात लावला कोण जाणे!

इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचं गाव आहे. खुर्च्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या कान-नाक-घशाच्या शल्यविशारद एस्मे हॅडफील्ड यांना नाकाच्या पोकळीतल्या एका दुर्मिळ कर्करोगाचे रोगी वाजवीपेक्षा जास्त दिसू लागले, आणि ते बहुतेक फर्निचरच्या धंद्यातले निघाले. अचेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावून १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध लिहिला. पुढे १९९५ साली कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीची नोंद पहिल्या गटात केली. पहिला गट म्हणजे पुरावा पक्का असलेला गट. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे. आता, पुरावा पक्का असणं वेगळं आणि धोका सारखाच असणं वेगळं. हा रोग दुर्मिळच आहे, तेव्हा कोणी घाबरून रंधा कृष्णेत सोडू नये. पण दमा, सतत वाहणारं नाक, न जाणारा खोकला ही दुखणी अजिबात दुर्मिळ नाहीत. आणि प्लायवूड किंवा एमडीएफ कापलं की लाकडाबरोबर त्यातला गोंदही पूड होऊन उडतो. त्या गोंदात बहुधा फॉर्माल्डिहाइड असतं, आणि तेही याच पहिल्या गटातलं सभासद आहे. निसर्गवाद्यांनी आता निदान एमडीएफचं झाड तरी दाखवावं.

दुसरा पंथ सवयवाद्यांचा. "सुतार जन्मभर भुशातच असतो. त्याला कुठं काय होतं?" हा पंथ फार जुना आणि फार लोकप्रिय आहे, कारण त्यात बोलणाऱ्याला स्वतः काहीच सोसावं लागत नाही.

मला रंधा धरायला शिकवला तो आमच्या आळीतल्या एका वयस्क मिस्त्रींनी. ते डोळे मिटून लाकूड ओळखत. ढलपी नाकाशी धरली की सांगत, "हा साग. ही शिवण. आणि हे साहेब, तुम्हाला साग म्हणून विकलेलं दुसरंच काहीतरी." आज त्यांना कशाचाच वास येत नाही. कढईतला लसूण करपला तरी सुनेनं सांगावं लागतं. खोकला मात्र दारापर्यंत येऊन आपलं स्वागत करतो. मी विचारलं, "मिस्त्री, डॉक्टर काय म्हणाले?"

"विडी ओढता का म्हणाले. नाही म्हटलं. तंबाखू? नाही म्हटलं. मग गोळ्या दिल्या."

"आणि काम काय करता, ते विचारलं का?"

"ते कशाला विचारतील साहेब? त्यांना काय कपाट करायचं होतं?"

१७०० साली, म्हणजे आपल्याकडे औरंगजेब किल्ल्यामागून किल्ले घेत हिंडत होता त्या सुमाराला, इटलीत मोदेना इथं बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्यानं कामकऱ्यांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला जे प्रश्न विचारतात त्यांत आणखी एक घाला, असं त्यानं सांगितलं: तू काम काय करतोस? तीनशे वर्षांवर काळ लोटला. तो प्रश्न मोदेनाहून निघून आमच्या आळीतल्या दवाखान्यात अजून पोचायचा आहे. आमच्या बँकेत एखादी नोंद इतके दिवस लटकली असती तर ऑडिटरनं मॅनेजरसाहेबांना मोदेनाला पाठवलं असतं.

सवयवाद्यांचं आणखी एक लाडकं वाक्य आहे: "आपले आजे-पणजे काय मशीन लावून धूळ ओढत होते?" नव्हते. कारण ते मशीन लावून धूळ करतही नव्हते. रंध्यातून निघते ती शेव. लांबलचक, कुरळी, जमिनीवर पडून राहणारी. नाकात घालायची म्हटली तरी जाणार नाही. आजचा विजेवरचा सँडर मिनिटाला दहा-बारा हजार वेळा फिरतो आणि लाकडाचा मैदा करतो. आज्याच्या रंध्याचा दाखला देऊन नातवानं सँडर चालवावा, हे म्हणजे आज्यानं बैलगाडी कधी ठोकली नाही म्हणून नातवानं मोटारीचे ब्रेक काढून ठेवावेत तसं झालं.

तिसरा पंथ रुमालवाद्यांचा. हे लोक निदान काहीतरी करतात, म्हणून मला त्यांच्याविषयी थोडा आदर आहे. ते तोंडाला रुमाल बांधतात आणि दरोडेखोरासारखे दिसतात. पण माणसाचा केस असतो साधारण ७० मायक्रॉन जाडीचा, आणि फुप्फुसात खोलवर जाणारी धूळ १० मायक्रॉनच्या खालची. रुमालाच्या विणीतून ती अशी जाते, जसा ओळखीचा खातेदार रांग सोडून थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये जातो. एन-९५ मास्क कशाशी खातात हे २०२० सालानं सगळ्या जगाला शिकवलं. तोच मास्क खरेदी करून आता टाक्यावर टाकलेला आहे. तो काढावा, हे मीही सांगतो. पण मास्क ही शेवटची फळी आहे, पहिली नव्हे. शिवाय तो एकाच नाकाला लागतो. पडवीच्या दारात चहा घेऊन आलेल्या बायकोनं आणि "बाबा, काय करताय?" विचारायला आलेल्या मुलीनं श्वास रोखून बोलावं की काय?

चौथा पंथ पंखावाद्यांचा. "खिडकीत एक एक्झॉस्ट फॅन बसवला की झालं!" विचार करा. धूळ करवतीजवळ जन्मते, पंखा खिडकीत आहे, आणि या दोघांच्या मध्ये नाक घेऊन आपण उभे आहोत. पंखा धूळ ओढतो हे खरंच, पण आपल्या नाकावरून ओढतो. याच पंथाची एक पोटशाखा झाडूवाद्यांची. दिवसभर जी धूळ बिचारी दमून खाली बसलेली असते, तिला हे लोक संध्याकाळी केरसुणीनं पुन्हा उठवतात आणि पडवी स्वच्छ झाल्याच्या आनंदात दीर्घ श्वास घेतात.

या चौघांनाही एक साधा हिशेब घालतो. मी बी.कॉम. आहे, तेव्हा आकडे सोपेच असतील.

माझी पडवी दहा बाय आठ, उंची नऊ फूट. झाले ७२० घनफूट, म्हणजे सुमारे २० घनमीटर हवा. ब्रिटनमध्ये साग-शिसवीसारख्या लाकडांच्या धुळीची मर्यादा २०२० पासून घनमीटरला ३ मिलिग्रॅम आहे, आठ तासांच्या सरासरीनं. युरोपीय संघात २०२३ पासून ती २ वर आली. ब्रिटिशांचाच उदार आकडा धरला तरी माझ्या अख्ख्या पडवीच्या हवेला धुळीची परवानगी मिळाली ६० मिलिग्रॅम. चिमूटभर मिठाहूनही कमी.

आता १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवर सहा फूट लांबीचा एकच काप घ्या. पातं ३ मिलिमीटर रुंदीचं. तेवढ्या जागेतलं लाकूड कुठं गेलं? त्याचा भुसा झाला. वजन भरतं ६० ग्रॅमच्या आसपास. परवानगी ६० मिलिग्रॅमची, उत्पादन ६० ग्रॅमचं! हजारपट! त्यातला बहुतेक भुसा जाड असतो, खाली पडतो, हे कबूल. पण हजारातला एक भाग जरी हवेत तरंगत राहिला, तरी एका कापात दिवसाचा कोटा संपला. संध्याकाळी कॅश जुळवताना हजारात एक रुपया कमी आला तर आम्ही कोणी घरी जात नाही. इथं माणसं हजारातल्या नऊशे नव्याण्णवाचा पत्ता नसताना हात झटकून जेवायला बसतात.

आणि ही तरंगणारी धूळ दिसत नाही, हीच तर मेख आहे. जी दिसते ती नाकातल्या केसांत अडकते, शिंकेबरोबर परत येते. ते चालू खातं. आज भरलं, उद्या काढलं. न दिसणारी खोल जाते, आणि तिथं भरणा स्लिप चालते, पैसे काढायची स्लिप फारशी चालत नाही. पडवीतल्या हवेचा ऑडिट करायचा असेल तर संध्याकाळी दिवा मालवून एक टॉर्च लावा, किंवा सकाळी कौलातून येणारा कवडसा बघा. आजवर हा कवडसा नवकवींनी वापरून घेतला. त्याच्याइतका प्रामाणिक अंतर्गत हिशेबतपासनीस मी दुसरा पाहिला नाही.

तर मग सोय कशी करावी? यात मंत्र एकच आहे: धूळ जिथं जन्मते तिथंच तिला धरा. हवेत गेलेली धूळ गोळा करणं म्हणजे बुडीत कर्जाची वसुली. नोटिसा पुष्कळ जातात, हाती काही लागत नाही.

हातातल्या यंत्रांना, म्हणजे सँडर, राउटर आणि छोट्या कटरला, वर्कशॉपचा व्हॅक्यूम जोडावा. त्याची नळी बारीक, पण ओढ जबरदस्त. सँडरच्या चकतीला भोकं असतात ती हवा खायला नसतात. कागदाची भोकं आणि चकतीची भोकं एकावर एक यायला हवीत, नाहीतर नळी कितीही ओढो, वाट बंद. टेबलावर बसवलेली मोठी करवत किंवा रंधा मशीन असेल तर मात्र हा व्हॅक्यूम पुरा पडत नाही. तिथं हवाच भरपूर वाहावी लागते, म्हणून मोठ्या पंख्याचं डस्ट कलेक्टर आणि चार इंची नळ हवा. उसाचा रस पिण्याची नळी आणि पागोळ्यांचं पाणी वाहून नेणारी पन्हळ, यांत जो फरक तोच या दोघांत. पन्हळीनं रस पिऊ नये, आणि नळीनं पावसाळा काढू नये.

नळ जेवढा आखूड, सरळ आणि आतून गुळगुळीत तेवढा चांगला. वळ्यावळ्यांची लवचीक नळी हवेला फार अडवते, ती फक्त शेवटच्या हातभर अंतरात वापरावी. दोन यंत्रांना फाटे काढले असतील तर प्रत्येकाला झडप बसवावी आणि चालू असेल तेवढीच उघडावी. चार काउंटर एकदम उघडून माणूस एकच असला की काय होतं, हे मला कोणी सांगायला नको.

मग तो निळा ड्रम. त्यावरच्या नरसाळ्यात हवा गरगर फिरते, जड भुसा कडेला फेकला जाऊन खाली ड्रममध्ये पडतो आणि फक्त बारीक धूळ पुढे फिल्टरकडे जाते. त्यामुळे फिल्टर लवकर तुंबत नाही, आणि फिल्टर तुंबला नाही की ओढ कमी होत नाही. लाकडाच्या गिरण्यांवर असली मोठाली नरसाळी फार पूर्वीपासून आहेत. असंच एक बघून जेम्स डायसन या इंग्रज गृहस्थांना घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची युक्ती सुचली, आणि ५,१२७ नमुने करून त्यांनी ती तडीस नेली. म्हणजे बघा, सुतारकामाच्या धुळीसाठी जन्मलेली विद्या दिवाणखान्यातला गालिचा झाडायला गेली, आणि सुतार बसलाय अजून खोकत!

आणि सगळ्यात महत्त्वाचा फिल्टर. स्वस्तातल्या कलेक्टरला सुती पिशवी असते, तिची वीण ढोबळ. ती जाड भुसा आत ठेवते आणि बारीक धूळ फवाऱ्यासारखी खोलीभर उडवते. त्याला धूळ गोळा करणारं यंत्र म्हणू नये. धुळीतली निवडक तेवढी वेगळी काढून घरातल्या सर्वांना समान वाटणारं ते यंत्र आहे. एक मायक्रॉनपर्यंत अडवणारा फिल्टर घ्यावा, आणि व्हॅक्यूमला हेपा जातीचा. यंत्र बंद झाल्यावरही ओढणी थोडा वेळ चालू ठेवावी आणि मास्कही, कारण बारीक धूळ तासन्‌तास तरंगते. खाली सांडलेलं ओल्या फडक्यानं पुसावं. केरसुणीला अंगण द्यावं.

"पण खर्च?" हा प्रश्न येणारच. प्रश्न विचारणाऱ्यानं करवत मात्र परदेशी घेतलेली असते. माझं मत साफ आहे. करवतीचे पैसे जमले आणि ओढणीचे जमले नाहीत, तर करवतीचेही जमलेले नाहीत. पैसे पुरे होईपर्यंत रंधा मारावा. शेव झाडूनसुद्धा काढता येते, आणि पोटही कमी होतं.

इथपर्यंत मी हौशी लोकांशी भांडत होतो. आता तुमच्याकडे वळतो. होय, तुमच्याचकडे. तुम्ही कधी करवत धरली नसेल, पण फ्लॅटमध्ये फर्निचर तर करून घेतलं आहे ना?

१९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टच्या चौदाव्या कलमात लिहिलं होतं की धूळ ओढायची योजना धुळीच्या उगमाच्या शक्य तितकी जवळ असावी. माझा मंत्र मी शोधलेला नाही, तो कायद्यानंच सांगितलेला. पण तो कारखान्यांसाठी. कायदे बदलले, संहिता आली, तरी तीन सुतार काम करताहेत तो टू-बीएचके काही कारखाना ठरला नाही. तिथं कायदा सोसायटीच्या सेक्रेटरींचा चालतो. लिफ्टमधून प्लाय नेऊ नये, दुपारी दोन ते चार ठोकू नये, जिन्यात भुसा सांडू नये, शेजाऱ्यांची तक्रार आली म्हणून खिडक्या बंद ठेवाव्यात. नोटिशीत लिफ्टची काळजी आहे, जिन्याची आहे, दुपारच्या झोपेची आहे. मालकांनी टीव्हीला प्लास्टिक गुंडाळलेलं असतं, सोफ्यावर जुन्या चादरी असतात, देव तर सहकुटुंब मावशींकडे पाठवलेले असतात. म्हणजे ज्या ज्या वस्तूला फुप्फुसं नाहीत, तिची तिची सोय चोख! आणि ज्यांना आहेत ते तिघं बंद खिडक्यांच्या खोलीत दिवसभर एमडीएफ कापतात. बऱ्याचदा रात्री तिथंच चटई टाकून झोपतातही. आपण रविवारी काम बघायला जातो, नाकाला रुमाल लावतो, पाच मिनिटांत बाहेर येतो आणि म्हणतो, "काय धूळ आहे हो!"

सुताराच्या कोटेशनमध्ये प्लाय असतो, सनमायका असतो, बिजागऱ्या, चॅनल, हँडलं, फेविकॉल आणि मजुरी असते. या यादीत आणखी एक ओळ आपण स्वतःच्या हातानं लिहावी: धूळ ओढायचा व्हॅक्यूम, नळीसकट, आणि तिघांना मास्क. काम संपल्यावर व्हॅक्यूम मिस्त्रींना देऊन टाकावा. पुढच्या घरी तो आपोआप पोचेल, आणि तिथल्या मालकाला या लेखाचा त्रास होणार नाही.

एकूण बेरीज पाहून पोटात गोळा आलाच, तर घासाघीस करायला माझी ना नाही. फक्त ती हँडलांवर करावी.